वाहनांचा तक्ता जरा बाजूला ठेवा, आधी विचारा "आज कशानं आलास?"

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बालवाडीत साडेतीन ते पाच वर्षांची अठरा मुलं आहेत, पुढचे दोन आठवडे 'वाहने' हा विषय घ्यायचाय, तक्त्यावरची नावं मुलं दोन दिवसांत पाठ करतात आणि मग पुढं काय करायचं ते सुचत नाही, कपाटात चित्रांची सात-आठ पुस्तकं आहेत ती कशी वापरायची, आणि पर्यवेक्षिकाबाई आल्यावर दाखवायचं काय. मी सातारा जिल्ह्यात ऊसपट्ट्यात सोळा वर्षं बालवाडी घेतली, नंतर पुण्यात सात वर्षं, म्हणजे हा विषय दरवर्षी आलाच, आणि पहिली पाच-सहा वर्षं मीही तक्त्यावरच घेतला. म्हणून जरा सविस्तर लिहिते, सवडीनं वाचा.

तक्ता वाईट नाही. पण तक्त्यावर वाहन एकटं उभं असतं, मागं पांढरा कागद, खाली 'बस' असं लिहिलेलं. आत माणूस नाही, खाली रस्ता नाही, कुठं चाललीय त्याचा पत्ता नाही. मुलाच्या डोक्यात बस अशी नसतेच. त्याच्यासाठी बस म्हणजे मामाच्या गावाला जाणं, खिडकीची जागा, आईच्या मांडीवर लागलेली झोप, कंडक्टरकाकांच्या हातातलं कर्रर्र करून तिकीट काढणारं मशीन, घाटात झालेली उलटी. हे सगळं त्याच्याकडे आधीपासून आहे आणि आपण त्याला विचारतो काय तर "हे काय आहे?" तो म्हणतो "बस", आपण म्हणतो "शाब्बास", विषय संपला. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की दोन आठवडे 'वाहने' असं न घेता 'आपण कुठं कुठं कसं कसं जातो' असं घ्या, म्हणजे पुस्तकं आपोआप कामाला येतात आणि नावं तर त्या ओघात येतातच, त्यांची वेगळी काळजी करावी लागत नाही.

पहिले दोन दिवस पुस्तक उघडूच नका. सकाळी गोलात बसल्यावर फक्त विचारा, "आज कशानं आलास?" एखादा म्हणेल चालत, एखादी म्हणेल आईच्या कडेवर, बाकीची म्हणतील "गाडीवर". आणि इथं थांबा, कारण हा 'गाडी' शब्द फार मजेचा आहे. आमच्या खेड्यात गाडी म्हणजे मोटारसायकल, ऊसतोडीवाल्यांच्या मुलांना गाडी म्हणजे बैलगाडी, आजीला "आठची गाडी" म्हणजे एसटी, मुंबईहून आलेल्या मुलीला गाडी म्हणजे लोकल, आणि पुण्यात बऱ्याच घरांत गाडी म्हणजे कार. एकाच वर्गात चार गाड्या निघतात. मी विचारायची "कसली गाडी? किती चाकं? पुढं कोण बसलं होतं? तू कुठं बसलेलास?" मग बघा कशी बोलतात, जे मूल महिनाभर बोललेलं नसतं तेपण सांगतं की मी टाकीवर बसतो, पप्पांच्या पुढं. टाकीवर बसणं धोक्याचं आहे हे मला कळतं, पण ते त्या क्षणी सांगायला जाऊ नका, ऐकून घ्या, ती गोष्ट आई-वडिलांशी गेटवर बोलायची.

गावाकडची खरी नावं यायला हवीत, ती दाबू नका. वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी जीप, टमटम, छोटा हत्ती, काळीपिवळी, ट्रॅक्टरची ट्रॉली, नदीकाठच्या गावात होडी आणि पैलतीराला नेणारी 'तर', कोकणात लाँच, मचवा. एकदा एका मुलीनं सांगितलं की आमचं सामान छोट्या हत्तीतनं आलं आणि बाकीची सगळी आ वासून बघत बसली, हत्तीच्या आत सामान कसं ठेवलं म्हणून. दुसऱ्या दिवशी गावातला तो टेम्पो आम्ही रस्त्यावर जाऊन बघितला. आणि मूल इमान म्हणालं, टेसन म्हणालं तर "असं नाही म्हणायचं" नको. तुम्ही उत्तर देताना आपसूक "हो का, विमान बघितलंस? कुठं?" म्हणा, शब्द त्याच्या कानावर पडला, काम झालं. घरी अहिराणी, पावरी, कन्नड, हिंदी बोलणारी मुलं असतील तर त्यांचा शब्द आधी सगळ्यांना म्हणायला लावा आणि मग आपला.

पायी चालणं हे पहिलं वाहन धरा. वाहनांच्या पुस्तकात पाय बहुधा नसतात आणि माझ्या मते ती मोठी उणीव आहे, कारण आपल्या अर्ध्या मुलांचा रोजचा प्रवास पायीच होतो आणि त्यांना वाटतं आपल्याकडे सांगायला काहीच नाही. मी त्यासाठी वारी घ्यायची. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते ती आमच्या जिल्ह्यातून जाते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, मुलांनी ती आजीच्या खांद्यावरनं बघितलेली असते. मोठ्या कागदावर ते चित्र काढत गेलं की एकाच पानात किती प्रकार येतात बघा. माणसं पायी, माउलींच्या पादुका पालखीत, पालखी रथात, रथाला बैल, दिंडीचं सामान ट्रकमध्ये, मागं पाण्याचा टँकर, ॲम्ब्युलन्स, पोलिसांची जीप. पालखी हेच मुळात पूर्वी माणसांनी माणसाला उचलून न्यायचं साधन होतं हे तिथंच सांगता येतं. चाकाची खुर्ची, कुबड्या, डोंगरातल्या पाड्यावरून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणणं, हेही जाणंच आहे, तेही येऊ द्या. वर्गात एखादं मूल चालू शकत नसेल तर त्याची खुर्ची त्या कागदावर असलीच पाहिजे, आणि ती त्यालाच काढू द्या.

आता एक प्रसंग सांगते, कारण मी जे सांगतेय ते मला तिथं कळलं. साखर कारखान्याचा सीझन सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीला कुटुंबं येतात, त्यांची मुलं चार-पाच महिने आमच्या बालवाडीत यायची. असाच एक साडेचार वर्षांचा मुलगा आला, कार्तिकापासून संक्रांत होऊन गेली तरी एक शब्द बोलला नव्हता, कोपऱ्यात बसायचा, खिचडी खायचा, जायचा. मी वाहनांचं पुस्तक वाचत होते, बैलगाडीचं पान आलं, छान रंगवलेली गाडी, लाकडी चाकं, त्यात आरे, वर लोखंडी धाव. मी म्हणाले बैलगाडीला लाकडाची चाकं असतात. तो कोपऱ्यातून म्हणाला, "नाय. टायर असत्यात." आणि मी, मला अजून वाईट वाटतं, हसून म्हणाले, नाही रे बाळा, टायर ट्रॅक्टरला असतात, हे बघ चित्रात. तो परत गप्प झाला आणि आठवडाभर गप्प राहिला.

त्या शनिवारी मी त्यांच्या कोप्यांवरून, म्हणजे ऊसतोडीवाल्यांच्या झोपड्यांवरून, जात होते तर बाहेर ओळीनं गाड्या उभ्या, सगळ्यांना रबरी टायर. टायरगाडीच म्हणतात तिला, ऊस वाहायला तीच लागते, मी वर्षानुवर्षं ती रस्त्यावर बघत होते आणि तरी पुस्तकातलं चित्र खरं आणि मुलगा चुकीचा असं धरून चालले होते. सोमवारी मी वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले की हा बरोबर होता, मी चुकले, मी परवा बघून आले. मग त्याला विचारलं बैल गाडीला कसे जुंपतात सांगशील का. तो उठला, दोन मुलांना शेजारी शेजारी उभं केलं, फूटपट्टी त्यांच्या मानेवर ठेवली आणि म्हणाला हे जू, ह्या शिवळा, पडू नाय म्हणून, आणि हा कासरा, माझ्या बाच्या हातात. आस कुठं असते, वंगण कुठं घालतात, रात्री उसाचं वाढं कोण कोणाला घालतं, दहा मिनिटं तो बोलत होता आणि अख्खा वर्ग ऐकत होता. पुस्तकाच्या त्या पानाशेजारी आम्ही एक कागद चिकटवला आणि त्यावर त्यानं टायरची गाडी काढली. तेव्हापासून मी पुस्तक वाचताना कुठलंही पान उघडलं की आधी विचारते, "आपल्याकडे अशीच असते का?" एवढा एक प्रश्न तुम्ही दोन आठवडे विचारलात तर माझं बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल.

ही काही माझी नवी युक्ती नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढं कोसबाडला आदिवासी पाड्यांवर, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं आणण्याऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, आजूबाजूला जे आहे त्यातनं शिकवलं. पुस्तकालाही तोच नियम लावा. छापलेलं पान म्हणजे निमित्त, खरी बैलगाडी गावात आहे.

आता पुस्तकं निवडायची कशी. तुमच्या सात-आठ पुस्तकांची आधी तुम्ही एकटीनं बसून छाननी करा. ज्या चित्रात माणसं दिसतात, काहीतरी चाललंय, कोणी चढतंय, कोणाचा डबा राहिलाय, कोणी धावत येतंय, ती पुस्तकं वर काढा. नुसती वाहनं ओळीनं मांडलेली असतील ती खाली ठेवा, ती शेवटच्या दिवसांत वर्गीकरणाला लागतील. एका पानावर एक किंवा दोन वाक्यं असलेली साडेतीनच्या मुलांना बरी, आणि एकाच पानावर अख्खं बसस्टँड किंवा रेल्वे स्टेशन गच्च भरलेलं असतं तसली साडेचारच्या पुढच्यांना, ती मुलं त्यात अर्धा तास शोधत बसतात. बाहेरच्या देशांतून आलेल्या पुस्तकांत पिवळी लांबडी स्कूलबस आणि रस्त्याच्या उजव्या बाजूनं चाललेल्या गाड्या असतात, ती फेकू नका पण सांगा की ही लांबच्या गावाची बस आहे, आपली कशी असते ते काढून दाखवा. नवीन घ्यायची असतील तर एनबीटीची, म्हणजे नॅशनल बुक ट्रस्टची, स्वस्त मिळतात, ज्योत्स्ना प्रकाशनची चित्रं फार चांगली असतात, आणि पैसे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट आहेत, डाऊनलोड करून प्रिंट काढली तरी त्यांची हरकत नसते. रंगीत प्रिंट परवडत नसेल तर एकच काढा, पण मोठी काढा.

धूर सोडणारी आगगाडी तुमच्या कुठल्या ना कुठल्या पुस्तकात असणारच. माझ्या वर्गातली मुलं रेल्वे काढताना वर धूर काढायची, एकानंही धुराचं इंजिन डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं, सगळं पुस्तकातनं आलेलं. मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली, त्याला शंभर वर्षं होऊन गेली, तरी चित्रांत अजून धूरच आहे. ते चित्र गोडच असतं, मुलांना आवडतं, राहू दे. पण शेजारी आत्ताच्या इंजिनाचा फोटो ठेवा, वरच्या तारेला टेकलेला तो दांड्यांचा पिंजरा दाखवा आणि विचारा "ह्याला धूर का नाही?" पाच वर्षांचं मूल स्वतःहून तारेपर्यंत पोचतं, मी बघितलंय, तुम्ही फक्त घाई करू नका.

वाचण्याची पद्धत यात सगळ्यात महत्त्वाची आहे आणि इथंच आपण घाई करतो. अठरा मुलांना एकदम घेऊन बसू नका, मागच्यांना चित्र दिसत नाही, ती भांडायला लागतात आणि आपल्याला वाटतं त्यांना पुस्तकात रस नाही. सहा-सहाचे तीन गट करा, मदतनीसताई बाकीच्यांना खेळाला घेतील. पुस्तक छातीशी धरून आपण वरनं वाचायचं नाही, बाजूला धरायचं, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे तुम्ही पण जमिनीवरच बसा. पहिल्या दिवशी फक्त मुखपृष्ठ आणि चित्रं, मजकूर वाचायचाच नाही. पान उघडायचं आणि गप्प राहायचं. मनात पाच आकडे मोजा. सुरुवातीला ते पाच आकडे फार लांब वाटतात पण तेवढ्यात कोणीतरी बोटानं काहीतरी दाखवतंच, मग त्या बोटाच्या मागं जायचं, आपल्याला जे सांगायचंय ते राहू दे.

प्रश्न कसे विचारायचे ते एका पानावर दाखवते. समजा चित्रात एसटी आहे, थांबा आहे, दारात कंडक्टर उभा आहे, एक बाई पाटी घेऊन पळत येतेय. "हे काय आहे?" हा प्रश्न पहिल्या वाचनात एकदाच विचारा, नंतर नको. त्याऐवजी, ही बाई का पळतेय? पाटीत काय असेल? कंडक्टर काय म्हणत असेल, तू म्हणून दाखव. बस थांबेल का? तुझ्या आईची बस कधी चुकली होती का? मूल म्हणालं "बस गेली" तर तुम्ही म्हणा "हो, बस भुर्रकन निघून गेली आणि बाई थांब्यावरच राहिली", म्हणजे त्याच्याच वाक्याला दोन शब्द जोडून परत द्यायचे. याला डायलॉजिक रीडिंग म्हणतात. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या आई-वडिलांना एवढंच शिकवलं की वाचताना उघडे प्रश्न विचारा आणि मुलाचं वाक्य वाढवून परत द्या, महिन्याभरात त्या मुलांच्या बोलण्यात फरक पडला. आपल्या आज्या गोष्ट सांगताना हेच करायच्या, "मग काय झालं असेल सांग बघू" म्हणून मध्येच थांबायच्या.

एकच पुस्तक चार-पाच दिवस वाचा. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पहिल्या दिवशी चित्रं, दुसऱ्या दिवशी तुम्ही वाचा, तिसऱ्या दिवशी आवाज, म्हणजे भोंगा, शिट्टी, टांग्याच्या टापा, होडीचं वल्हं पाण्यात पडताना होतं तसं, चौथ्या दिवशी मुलं तुम्हाला वाचून दाखवतील, अक्षरं येत नसली तरी. दहा-बारा मिनिटांच्या वर ताणू नका.

वर्गीकरणाबद्दल माझं ठाम मत आहे. जमिनीवरची, पाण्यातली, हवेतली हे तीन कप्पे पाठ करून घेणं हे या विषयातलं सगळ्यात निर्जीव काम आहे. मूल "विमान हवेत" म्हणतं आणि त्यापुढं काही होत नाही. त्याऐवजी जुन्या मासिकांतली, जाहिरातींतली चित्रं कापून पंचवीस-तीस कार्डं करा, पुठ्ठ्यावर चिकटवा, आणि मुलांना म्हणा तुम्हीच ढीग करा, कसेही. कोणी रंगावर करतं, कोणी चाकांवर, एका मुलीनं एकदा 'ज्यात मी बसले' आणि 'ज्यात नाही बसले' असे दोन ढीग केले होते. मग तुम्ही एक प्रश्न टाका, ह्याला कोण ओढतं? बैल, घोडा, माणूस, डिझेल, वीज, वारा. हा प्रश्न मला फार आवडतो कारण इथं मुलं अडतात, भांडतात, सायकलला कोण ओढतं यावर आमच्याकडे एकदा पूर्ण सकाळ गेली होती. शिडाच्या होडीसाठी आम्ही परातीत पाणी घेऊन, नारळाच्या करवंटीत काडी आणि पान उभं करून फुंकर मारली होती, तेवढ्यानं वाऱ्याचं समजतं.

आणि वाहनावर बसलेलं वाहन. हे पान कुठल्या पुस्तकात नसेल तर तुम्ही करा. कोकण रेल्वेवर १९९९ पासून ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून नेतात, रो-रो म्हणतात त्याला, ड्रायव्हरकाका आपल्या ट्रकमध्ये बसलेले आणि ट्रक गाडीवर बसलेला. गोव्यात पणजीहून बेतीला जायला मांडवीवर फेरीबोट आहे, स्कूटर, कार, माणसं सगळी एका बोटीत. दाभोळ-धोपावेलाही तसंच. हे फोटो दाखवले की मुलं वेडी होतात आणि लगेच खडूच्या खोक्यावर खेळण्यातली गाडी, त्या खोक्याखाली पाटी, पाटीखाली दोऱ्याची रिळं असं काहीतरी रचायला लागतात. तसंच माथेरान. तिथं मोटारगाड्या न्यायला मनाई आहे, वरच्या वाहनतळापर्यंतच जातात, पुढं चालत नाहीतर घोड्यावर, पूर्वी माणसांनी ओढायच्या हातरिक्षाही होत्या, आणि नेरळहून १९०७ पासून ती छोटी गाडी. मुलांना म्हणा समजा आपल्या गावात एक पण मोटार नाही, मग दूध कसं येईल, आजारी आजीला कसं न्यायचं, शाळेत कसं यायचं. पाच वर्षांची मुलं यावर फार छान बोलतात.

इतिहास मुलांना तारखांनी सांगायचा नसतो, पण आपल्याला माहीत असला की सांगण्यात रंग येतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी रेल्वे गेली, चौदा डबे, साधारण चारशे माणसं, ओढायला तीन इंजिनं आणि त्यांची नावं साहिब, सिंध, सुलतान. मुलांना तारीख नको, त्यांना एवढं पुरतं की आजीच्या आजीच्या आजीच्या वेळी पहिली गाडी निघाली आणि तिला ओढायला तिघं होते. मग तीन मुलं पुढं, बाकीची चौदा डबे, शाळेच्या आवारात एक फेरी. तुमची अठरा मुलं म्हणजे तीन इंजिनं, चौदा डबे आणि एक गार्ड, हिशोब बरोबर जुळतो. आणि आपली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिल्यांदा निघाली. गावात त्या वयाचे कोणी आजोबा असतील तर त्यांना बोलवा, एसटी यायच्या आधी तुम्ही तालुक्याला कसे जायचा हे मुलांनीच विचारू दे. आमच्याकडे आलेल्या एका आजोबांनी सांगितलं होतं की मी तुझ्याएवढा असताना नदीला पूर आला की दोन-दोन दिवस पलीकडेच थांबायचो. नंतर आठवडाभर मुलं अंगणात नदी काढून तिच्या दोन बाजूंना थांबायचा खेळ खेळत होती.

दुसऱ्या आठवड्यात वर्गाचं स्वतःचं पुस्तक करा. पाठकोरी कॅलेंडरची पानं घ्या, मधोमध दुमडून जाड दोऱ्यानं शिवा, स्टेपलरच्या पिना नकोत, लहान मुलांच्या बोटाला लागतात. प्रत्येक मुलाला एक जोडपान. डाव्या बाजूला ते मूल कुठं जातं, उजव्या बाजूला कशानं, आणि खाली त्यानं सांगितलेलं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहायचं, "मी आन् आई वडापनं बाजारला जातो, मला मधी बसवत्यात", त्यातला एक शब्द सुधारायचा नाही. मुलाला जेव्हा कळतं की आपण बोललो तेच इथं लिहिलंय आणि ताई ते रोज तसंच वाचतात, तेव्हा अक्षरं कशासाठी असतात हे त्याला समजतं. मुलांनी आणलेली तिकिटं लावा, पण एक काळजी घ्या, एसटीच्या मशीनचं तिकीट उष्णतेनं छापलेलं असतं, ते काही महिन्यांत आपोआप पुसट होतं आणि गरम लॅमिनेशनला दिलं तर काळं ठिक्कर पडतं. माझी एका वर्षीची सगळी तिकिटं अशी गेली, मुलं किती हिरमुसली. त्यामुळे आधी झेरॉक्स काढा आणि झेरॉक्स चिकटवा.

मोबाईलवरचे गाड्यांचे व्हिडिओ दाखवू का असंही तुम्ही विचारलंय. विमान उडताना, बोट बंदराला लागताना दोन मिनिटं दाखवायला हरकत नाही, खेड्यातल्या मुलांनी ते बघितलेलंच नसतं. पण पुस्तकाच्या जागी नको. व्हिडिओत गाडी स्वतःच पळते, मूल नुसतं बघतं. चित्रातली गाडी थांबलेली असते, तिला पळवायचं काम मुलाला करावं लागतं आणि बोलणं त्यातनंच येतं.

आता पर्यवेक्षिकाबाई. त्या विचारतील किती वाहनांची नावं येतात, तर ते त्यांना दाखवता येईलच, मुलं तोपर्यंत तक्त्यापेक्षा जास्त नावं सांगतात. पण तुम्ही एक वही ठेवा. दर मुलासाठी पहिल्या दिवशीचं एक वाक्य आणि शेवटच्या दिवशीचं एक वाक्य, तारखेसकट, त्याच्याच शब्दांत. "बस." आणि दहा दिवसांनी "बस आली न्हाई म्हणून आम्ही चालत गेलो, बाबांनी मला खांद्यावर घेतलं." ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की बाईंना वेगळं काही समजवावं लागत नाही. मुलांनी केलेलं पुस्तक पण पुढं ठेवा आणि मुलांनाच वाचून दाखवू द्या.

पुस्तकं घरी पाठवायची का, तर पाठवा. कपाटात कुलपात ठेवलेली पुस्तकं नवीकोरी राहतात आणि कोणी वाचत नाही. शुक्रवारी एक पुस्तक एका घरी, जुन्या चादरीची पिशवी शिवा, सोमवारी परत. वाचता न येणाऱ्या आईला सांगा की तुम्ही फक्त चित्र बघा आणि पोराला बोलू द्या, तुम्ही लहानपणी कशानं माहेराला जायचात ते सांगा. काही पानं फाटतील, कोपरे कुरतडलेले येतील. रागावू नका, सोमवारी सकाळी मुलांसमोरच बसून खळ लावून चिकटवा, त्यांना धरायला द्या. बोर्डबुक, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक, भिजून आलं तर उन्हात ठेवू नका, वाकडं होतं, पानांच्या मध्ये रद्दीचे कागद घालून वर पाट ठेवा, दोन दिवसांत सरळ होतं.